संगणकाची विद्या : आधी नांगरट, मग पेरणी



बारावीचे निकाल लागले की गावोगाव एक प्रश्न हमखास निघतो. पूर्वी लोक विचारीत, "साहेब, पोराला डी.एड.ला घालू का आय.टी.आय.ला?" आता विचारतात, "साहेब, पोरगं म्हणतंय सॉफ्टवेअरचं शिकायचंय. कोणता कोर्स बरा?" आणि खिशातून एक कागद निघतो. त्यावर पोराने आपल्या हाताने नावे लिहिलेली असतात : पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट, रिॲक्ट, एसक्यूएल, गिट, लिनक्स, क्लाउड, एआय. बापाला त्यातले एकही नाव उमगत नाही. उमगतो तो फक्त खाली लिहिलेला फीचा आकडा.

हा आकडा लहान नसतो. त्यासाठी कुणी सोयाबीनची पट्टी जशीच्या तशी क्लासात भरतो, कुणी दावणीची दुभती म्हैस विकतो, कुणी सोसायटीच्या कर्जाच्या जोडीला आणखी एक कर्ज डोक्यावर घेतो. पैसा गेला तर एखाद्या हंगामात भरून येईल. पण पोराची किंवा पोरीची दोन वर्षे वाया गेली तर ती परत येत नाहीत. बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहून वाण निवडू नये, आपली जमीन आणि पाणी आधी पाहावे, हे आम्ही विस्तार कार्यात वर्षानुवर्षे सांगत आलो. या विद्येलाही तोच विचार लावला पाहिजे. कागदावरच्या नावांपैकी आधी काय शिकावे, मागून काय शिकावे, आणि पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

प्रोग्रॅम म्हणजे तरी काय?

संगणक हे भारी वेगाने काम करणारे यंत्र आहे. पण त्याला जे सांगितले तेवढेच आणि जसे सांगितले तसेच ते करते. हे सांगणे पायरीपायरीने लिहून काढले की त्याला प्रोग्रॅम म्हणतात. असे अनेक प्रोग्रॅम मिळून सॉफ्टवेअर होते.

आपल्या गावच्या दूध संकलन केंद्राचेच उदाहरण घेऊ. सभासद दूध घेऊन येतो. लिटर मोजले जातात, फॅट आणि एसएनएफ पाहिले जाते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही पायाभूत प्रत धरतात. त्याखाली दूध उतरले की दर कापला जातो. आता हा हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा, तर त्याला असे सांगावे लागेल :

एक, सभासदाचा क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ नोंदवून ठेव.
दोन, दूध पायाभूत प्रतीचे किंवा त्याहून चांगले असेल तर ठरलेला दर लाव. नसेल तर तक्त्याप्रमाणे दर कमी कर.
तीन, लिटरला दराने गुणून रक्कम काढ.
चार, पुढचा सभासद घे, आणि शेवटच्या सभासदापर्यंत हेच करीत राहा.
पाच, दहा दिवस झाले की प्रत्येकाची बेरीज कर आणि पशुखाद्याची उचल वजा कर.

समजा, एका घरचे रोज १० लिटर दूध जाते आणि दर ३४ रुपये मिळतो. रोजचे ३४० रुपये, दहा दिवसांचे ३,४०० रुपये. पशुखाद्याची उचल १,२०० असेल तर हातात २,२०० रुपये पडतील. हा हिशेब घरातली कोणतीही बाई तोंडी करते. संगणक तोच हिशेब हजार सभासदांसाठी क्षणात करतो, एवढाच फरक.

यात नोंद ठेवण्याच्या जागेला 'व्हेरिएबल' म्हणतात. 'असेल तर, नसेल तर' याला 'कंडिशन' म्हणतात. तेच काम पुन्हा पुन्हा करण्याला 'लूप' म्हणतात. आणि एका कामाच्या सगळ्या पायऱ्या एकत्र बांधून त्यांना नाव दिले की 'फंक्शन' होते. आज चालणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत या चार गोष्टी कोणत्या ना कोणत्या रूपाने असतातच. ज्याला या चार गोष्टी पक्क्या कळल्या, त्याची नांगरट झाली असे समजावे.

इतक्या भाषा कशासाठी?

एकाच शेतात आपण कुळव वापरतो, पाभर वापरतो, कोळपेही वापरतो. प्रत्येकाचे काम निराळे. संगणकाच्या भाषांचेही तसेच आहे. १९५७ साली आयबीएम कंपनीत 'फोरट्रान' ही भाषा तयार झाली, ती शास्त्रज्ञांच्या गणितासाठी. १९५९ साली 'कोबोल'ची आखणी सुरू झाली, ती व्यापार-धंद्याच्या हिशेबासाठी. परदेशातल्या कित्येक बँकांचे जुने व्यवहार आजही कोबोलवर चालतात. १९७२ च्या सुमारास अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी 'सी' ही भाषा घडवली. यंत्राच्या अगदी जवळ जाऊन काम करायचे असेल तर ती आजही लागते.

'पायथॉन' ही भाषा हॉलंडच्या गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवली. तिच्या नावाचा अजगराशी संबंध नाही. एका विनोदी इंग्रजी दूरदर्शन मालिकेवरून ते नाव ठेवले आहे. लिहायला सुटसुटीत आणि वाचायला सोपी, म्हणून नवशिक्यांना ती मानवते. १९९५ साली 'जावा' आणि 'जावास्क्रिप्ट' या दोन भाषा आल्या. जावा ही जेम्स गॉसलिंग यांची. मोठ्या कंपन्यांची कामे तिच्यावर चालतात. जावास्क्रिप्ट ही ब्रेंडन आइक यांनी पहिल्यांदा अवघ्या दहा दिवसांत उभी केली. संकेतस्थळावरची बटणे, तक्ते, हलणारी चित्रे ही तिची कामे. नावे सारखी असली तरी या दोघींचे नाते दूध आणि दुधी भोपळा यांच्यातल्या नात्याएवढेच आहे. जावा शिकवतो म्हणून जाहिरात करून जावास्क्रिप्ट शिकवणारा भेटला, तर पालकांनी तेवढे ओळखावे.

मग पहिली भाषा कोणती घ्यावी? पायथॉन घेतली तरी चालेल, सी घेतली तरी चालेल. पदविकेला किंवा पदवीला जी असेल ती घेतली तर अभ्यासही सोबत होईल. पण घेतलेली भाषा सहा महिने सोडू नये. दर पंधरवड्याला नवी भाषा धरणारा विद्यार्थी म्हणजे दर वितीवर नवे बी टाकणारा शेतकरी. उगवते सगळे, पण पदरात काही पडत नाही.

वाण बदलतात, मशागत राहते

हरितक्रांतीच्या दिवसांत 'कल्याणसोना' गव्हाने शेतकऱ्यांना भरघोस पीक दिले. पुढे तो तांबेऱ्याला बळी पडू लागला आणि मागे पडला. उलट मालदांडी ज्वारी पिढ्यान्पिढ्या टिकून आहे. संगणकाच्या क्षेत्रातही असेच होते. एके काळी संकेतस्थळावरची हलती चित्रे आणि खेळ 'फ्लॅश' नावाच्या साधनाने केले जात. ते शिकायला मुले रांग लावीत. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला आणि ते विषयच संपले. गूगलचे 'अँग्युलर-जेएस' २०१० साली आले, गाजले, आणि २०२१ अखेर त्याचा आधारही बंद झाला. 'रिॲक्ट' हे फेसबुकचे साधन २०१३ साली खुले झाले. आज त्याला मागणी आहे. पण तेही कधीतरी मागे पडेल.

यात बुडाले कोण? ज्यांनी केवळ त्या साधनाची बटणे कुठे दाबायची एवढेच पाठ केले होते, ते. ज्यांना त्याखालची जावास्क्रिप्ट भाषा नीट येत होती, ते थोड्या दिवसांत नव्या साधनावर आले. याउलट, माहितीचे साठे विचारण्याची जी भाषा आहे, 'एसक्यूएल', तिचा पाया एडगर कॉड यांच्या १९७० च्या निबंधात आहे, आणि ती भाषा आयबीएममध्ये १९७४ च्या सुमारास तयार झाली. पन्नास वर्षे झाली, तरी बँक असो, रेल्वे असो की रुग्णालय असो, ती लागतेच. म्हणून टिकाऊ गोष्ट आधी शिकावी आणि चलतीची गोष्ट मागून.

कोणत्या क्रमाने शिकावे?

हा क्रम मुलांनी वहीत उतरवून घ्यावा.

पहिली पायरी : टंकलेखन, फायली नीट ठेवणे, आणि साधे इंग्रजी वाचणे. संगणक चूक दाखवतो ती इंग्रजीत. सुरुवातीला फाडफाड बोलता आले नाही तरी चालेल. पण दोन ओळींचा मजकूर वाचून त्याचा अर्थ लावता आला पाहिजे.

दुसरी पायरी : एक भाषा, सहा महिने, रोज दीड-दोन तास. त्यात वर सांगितलेल्या चार गोष्टी पक्क्या कराव्या. मग यादी कशी ठेवायची, ती क्रमाने कशी लावायची, तिच्यातून एखादी नोंद चटकन कशी शोधायची, हे शिकावे. याला 'डेटा स्ट्रक्चर' म्हणतात. मुलाखतीत बहुतेक प्रश्न यावरच येतात.

तिसरी पायरी : एसक्यूएल. तलाठ्याच्या दप्तरात हजार खाती आहेत असे समजा. त्यांतून "ज्यांची जमीन पाच एकरांच्या आत आहे आणि ज्यांच्याकडे विहीर आहे, अशांची नावे काढ" असे एका वाक्यात विचारायचे आणि यादी मिळवायची, हे एसक्यूएलचे काम.

चौथी पायरी : गिट. सात-बाऱ्यावर बदल झाला की गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते. कोणत्या तारखेला, कशामुळे, काय बदलले ते मागे जाऊन पाहता येते. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची अशीच नोंद गिट ठेवते. बदल चुकला तर जुन्या स्थितीला परतही जाता येते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. चारजणांत मिळून काम करायचे असेल तर याच्यावाचून चालत नाही.

पाचवी पायरी : संकेतस्थळाची तोंडओळख. एचटीएमएलने घराच्या भिंती उभ्या राहतात, सीएसएसने रंगरंगोटी होते आणि जावास्क्रिप्टने दिवे-पंखे चालू होतात. सोबत लिनक्सच्या पंचवीस-तीस आज्ञा शिकाव्या, कारण संकेतस्थळे ज्या मोठ्या संगणकांवर ठेवतात त्यांतले बहुसंख्य लिनक्सवर चालतात.

इथपर्यंत यायला नेटाने शिकणाऱ्याला दीड-दोन वर्षे लागतात. मगच फांदी निवडावी. संकेतस्थळे करायची असतील तर रिॲक्टसारखी साधने. मोबाईलचे ॲप करायचे असेल तर कोटलिन ही भाषा. आकडेवारीची आवड असेल तर गणित, संख्याशास्त्र आणि त्यावर उभी असलेली यंत्रबुद्धी, म्हणजे एआय. ज्याला मोटारी, तारा, स्टार्टर यांत गोडी आहे त्याने अर्डुइनो नावाची छोटी पाटी घेऊन पाहावे. जमिनीतला ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारे यंत्र घरच्या घरी करून पाहता येते. कागदावरच्या शेवटच्या नावाने सुरुवात करू नये. कळस आधी आणि पाया मागून, असे घर उभे राहत नाही.

वीस रुपयांचा धडा

आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे. तिच्या आईच्या बचत गटात बारा बायका. दरमहा प्रत्येकीचे शंभर रुपये, म्हणजे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये. त्यातून आपसात दरमहा दोन टक्के व्याजाने कर्ज. मुलीने पायथॉन आणि 'एसक्यूलाइट' वापरून या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. गटाच्या बैठकीत तो लावला, तेव्हा सगळ्या बायका कौतुकाने भोवती जमल्या.

गटाच्या खजिनदार बाई सातवी शिकलेल्या. त्यांनी आपली जुनी वही उघडून आकडे ताडून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं पोरी, हिला वीस रुपये जास्त लागलेत बघ." त्या सभासद बाईंनी ५,००० रुपये घेतले होते, त्यातले १,००० फेडले होते. व्याज उरलेल्या ४,००० वर ८० रुपये व्हायला हवे होते. प्रोग्रॅमने ५,००० वरच १०० रुपये लावले. मुलीने प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. हप्ता जमा झाल्यावर बाकी कमी करायची पायरीच तिने लिहिलेली नव्हती. ती घातली, पुन्हा ताडून पाहिले. पुढे तीन महिने वही आणि प्रोग्रॅम दोन्ही बरोबर चालवले, आणि मगच बायकांनी त्यावर भरवसा ठेवला.

या एका कामात तिचे सगळे शिक्षण आले. लोकांचे काम समजून घेणे, ते पायऱ्यांत मांडणे, माहिती साठवणे, चूक शोधणे आणि तपासून पाहणे. या शेवटच्या गोष्टीला 'टेस्टिंग' म्हणतात. मुलीला नोकरी लागायची आहे, पण "तुला काय येतं?" असे कुणी विचारले तर दाखवायला तिच्यापाशी चालते काम आहे. हे मुद्दाम सांगण्याचे आणखी एक कारण असे की, फीचा प्रश्न आला म्हणजे पैसा मुलासाठी निघतो आणि मुलीसाठी निघत नाही. या विद्येला अंगमेहनतीचे बळ लागत नाही, चिकाटी लागते. ती मुलींत कमी नाही.

अवजारे फुकट आहेत

बहुतेक पालकांना हे ठाऊक नसते, म्हणून ठळकपणे सांगतो. पायथॉन फुकट आहे. गिट फुकट आहे. लिनक्स फुकट आहे. एसक्यूलाइट फुकट आहे. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी जगभर वापरतात ते 'व्हीएस कोड'ही फुकट मिळते. हे कसे, असे कुणी विचारेल. आपल्याकडे पूर्वी इर्जिक असे. दहा घरचे बैल एका शेतात उतरत आणि एका दिवसात नांगरट होई. लिनक्सही तसेच झाले. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, वर आलेल्या त्याच लिनस टोरवाल्ड्सने, १९९१ साली ते सुरू केले आणि जगभरच्या हजारोंनी त्यात हात घातला. आता तर मोठमोठ्या कंपन्याही आपली माणसे पगार देऊन त्या कामाला लावतात.

शिकवणीही पुष्कळशी फुकट आहे. आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या 'एनपीटीईएल'वर नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावरही अनेक अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर तेवढे शुल्क भरावे लागते. मुंबई आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात छोटे छोटे पाठ आहेत आणि त्यांतले बरेच मराठी आवाजात ऐकता येतात. ज्याला इंग्रजीची भीती वाटते त्याने तिथून आरंभ करावा.

इथे आणखी एक खुलासा. एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो. प्रोग्रॅम लिहायला शिकवणे हा त्याचा हेतू नाही. ट्रॅक्टर चालवणे आणि ट्रॅक्टर बनवणे यात जो फरक, तोच इथे. तो करू नये असे नाही, पण त्यावर सॉफ्टवेअरची नोकरी मिळेल अशी आशा धरू नये.

मग पैसा घालायचा कशात? संगणकात. मोबाईलवर पाठ ऐकता येतात, पण प्रोग्रॅम लिहून हात बसत नाही. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो; जाणकाराकडून तपासून घेतलेला जुनाही चालतो. खेड्यात वीज जाते, म्हणून बॅटरी असलेला लॅपटॉप टेबलावरच्या संगणकापेक्षा सोयीचा. मोबाईल ॲपचे काम करायचे ठरले तर पुढे जास्त रॅम लागेल, ती तेव्हा पाहता येईल.

क्लासच्या दारात विचारायचे प्रश्न

सगळे क्लास वाईट असतात असे मुळीच नाही. चांगला शिक्षक मिळाला तर सहा महिन्यांचे काम तीन महिन्यांत होते. पण बैल घेताना जसे दात पाहतो, चालवून पाहतो, तसे इथेही पाहावे.

मागच्या वर्षीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना भेटू द्याल का, असे विचारावे. त्यांनी केलेली कामे पाहावी. एक-दोन दिवस वर्गात बसून पाहावे. शिकवणारे स्वतः प्रोग्रॅम लिहून दाखवतात की नुसते पडद्यावरचे वाचून दाखवतात, हे मुलाला लगेच कळते. "शंभर टक्के नोकरी" असे म्हणत असतील तर ते पावतीवर लिहून मागावे. बहुतेक ठिकाणी तिथेच उत्तर मिळते. तीन महिन्यांत दहा भाषा शिकवू म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. सगळी फी एकदम न भरता हप्त्याने भरावी आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, सही करण्यापूर्वी कागद वाचावा. काही ठिकाणी 'हप्त्याची सोय' म्हणून जो कागद पुढे करतात, तो एखाद्या वित्त कंपनीच्या कर्जाचा असतो. कर्ज बापाच्या किंवा मुलाच्या नावावर चढते. क्लास आवडला नाही, बंद पडला किंवा मधेच सोडला, तरी कंपनी हप्ते मागतच राहते. हप्ता थकला की त्याची नोंद होते आणि पुढे पीककर्जाच्या वेळी ती आडवी येऊ शकते. कागद इंग्रजीत असेल तर गावातल्या शिक्षकांकडून समजून घ्यावा. "आजच सही केली तर सवलत" असे म्हणणाऱ्याला "उद्या येतो" म्हणावे.

रीतसर शिक्षणाचे मार्गही विसरू नयेत. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आहे, आय.टी.आय.मध्ये 'कोपा' हा एक वर्षाचा व्यवसाय आहे, बारावीनंतर बी.सी.ए., बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकी आहे. प्रवेश परीक्षांच्या आणि शिष्यवृत्तीच्या तारखा आधीच पाहून ठेवाव्या. त्या चुकल्या की वर्ष जाते.

आता यंत्रच प्रोग्रॅम लिहिते, मग शिकायचे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले, आणि तेव्हापासून अशी साधने वाढतच आहेत. साध्या भाषेत मागणी केली की ती प्रोग्रॅम लिहून देतात. नवशिक्यांना पूर्वी जी सोपी कामे मिळत, त्यांतली कित्येक आता ही साधने करतात. त्यामुळे नोकरीसाठी चुरस वाढली आहे, हे पालकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअर शिकला की पुण्यात नोकरी ठरलेलीच, असे समजून जमीन विकू नये.

पण बचत गटाचा वीस रुपयांचा घोळ आठवा. यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅमही असाच चुकतो, आणि दिसायला अगदी बिनचूक दिसतो. तो वाचून "इथे बाकी वजा झालेली नाही" असे म्हणणारा माणूस लागतोच. फवारणी पंप टाकीत घातले ते फवारतो. कोणते औषध, किती मात्रेने, कोणत्या पिकावर, हे माणसानेच ठरवायचे असते. म्हणून विद्यार्थ्याने पहिले सहा महिने स्वतःच्या हाताने लिहावे, चुकावे, दुरुस्त करावे. या साधनाला काही विचारलेच तर समजावून सांगण्यासाठी विचारावे. आयते लिहून घेऊ नये. पोहणे शिकताना डबा बांधतात तो सोडण्यासाठी, जन्मभर कमरेला ठेवण्यासाठी नव्हे.

शेतकऱ्याच्या घरचे भांडवल

शहरातल्या मुलांपुढे आपला निभाव कसा लागेल, असे खेड्यातल्या मुलांना वाटते. त्यांनी डॉ. विजय भटकर यांचे नाव लक्षात ठेवावे. अकोला जिल्ह्यातले मुरंबा हे खेडे त्यांचे जन्मगाव. अमेरिका आपल्याला महासंगणक द्यायला तयार नव्हती, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सीडॅक' ही संस्था उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा भारताचा महासंगणक तयार झाला. मराठीसह भारतीय लिपी संगणकावर रुळवण्यातही सीडॅकचा वाटा मोठा आहे.

शेतीतही आता सॉफ्टवेअर आलेच आहे. सात-बारा संगणकावर मिळतो. २०१६ पासून ई-नाम आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप आहे. तुरीत सोयाबीनचे आंतरपीक म्हणजे काय, पाळीपाळीने पाणी म्हणजे काय, पट्टीतून हमाली-तोलाई कशी कापतात, हे ज्याने कधी पाहिले नाही त्याला शेतकऱ्याच्या उपयोगाचा प्रोग्रॅम लिहिताना दहा ठिकाणी विचारावे लागते. आपल्या मुलांनी हे लहानपणापासून पाहिलेले आहे. दुधाचा हिशेब, ऊसतोडीची पाळी, मजुरांची हजेरी, विहिरीवरच्या भाऊबंदांच्या पाण्याच्या वेळा, पिकाचा खर्च आणि उत्पन्न : सरावासाठी याहून चांगली कामे क्लासच्या पुस्तकात मिळणार नाहीत.

तेव्हा पालकांनी फीचा पहिला हप्ता भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला एवढेच सांगावे : "फुकटचे पाठ ऐकून, तीन महिन्यांत, आपल्या घरच्या दुधाचा किंवा पिकाचा हिशेब करणारा एक प्रोग्रॅम लिहून दाखव." त्यासाठी शाळेचा किंवा ओळखीच्या घरचा संगणक काही तास मागून घ्यावा. लिहून दाखवला, तो वहीशी ताडून बरोबर निघाला, आणि पोराला त्यात गोडी लागलेली दिसली, तर पुढच्या शिक्षणावर घातलेला पैसा सत्कारणी लागण्याचा संभव मोठा. तीन महिन्यांत कंटाळा आला, तर त्यातही काही बिघडले नाही. एक पैसा खर्च न होता कळले. पोराचा कल दुसरीकडे आहे, तो शोधावा.